छापील प्रत हरपली, हस्तलिखित उरले

मुंबईहून गोव्याकडे जाणारा प्रवासी नागोठणे मागे टाकतो आणि कोलाड येण्यापूर्वी रोहा तालुक्यातील खांब हे गाव ओलांडतो. कोलाडपासून कुंडलिकेच्या सोबतीने पश्चिमेस वळले की रोहे लागते, आणि नदी समुद्राला मिळते तेथे रेवदंडा व कोर्लई. 1740 साली पोर्तुगीजांनी हा भाग मराठ्यांच्या स्वाधीन केला. पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली कोर्लईची ख्रिस्ती कुटुंबे आजही बोलतात. ती ग्रंथांनी राखली नाही. आईच्या तोंडून लेकरांच्या कानी पडत ती टिकली.

बोली अशी टिकते. ग्रंथ कसा टिकावा? ज्या कोकणात चार महिने भिंतींना ओल येते, कपाटातील कपड्यांनाही बुरशी धरते, तेथे कागदाचे आयुष्य ते किती? आमच्या समाजाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाची कथा या प्रश्नाचे उत्तर देते.

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी याच भूमीत वेचले. कोकणी शब्दांची मिसळण असलेल्या मराठीत त्यांनी सुमारे 11 हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. 1616 साली ते सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1649 व 1654 साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. जी भाषाच नको झाली, तिच्यातील ग्रंथ कोण छापणार आणि कोण जपणार? शाही दुर्लक्ष, दमट हवा आणि वाळवी यांनी आपापला वाटा उचलला.

तरीही पुराण वाचले, कारण ते लोकांनी हाताने उतरवून घेतले होते. गोव्यात आणि गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांत या नकला वडिलांकडून मुलांकडे येत राहिल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे पुराणाची नवी आवृत्ती सिद्ध केली. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांना लंडनमधील विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. मार्सडेन यांनी आपले ग्रंथभांडार 1835 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिले होते. तेथून ते प्राच्यविद्येच्या संस्थेकडे गेले. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. 1996 साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली आणि 2009 साली फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीतील गद्य अनुवादासह ग्रंथ वाचकांच्या हाती ठेवला.

यातून आम्ही काय घ्यावे? छापखान्याने जे राखले नाही, ते वाचकांनी राखले. ज्याने नक्कल केली, त्याला संशोधक व्हायचे नव्हते. त्याला ओव्या गायच्या होत्या. वापर हेच पहिले जतन होय.

परंतु उरलेला कागद सांभाळण्यासाठी केवळ भक्ती पुरत नाही. जुन्या शाईत लोहक्षार व आम्ल असे. ती अक्षरांच्या जागी कागद खाते आणि पानाची चाळणी होते. जाणकार कारागीर अशा पानाला पातळ जपानी कागदाचा आधार गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने देतात. कारण ही खळ उद्या पाण्याने सोडवता येते. जे पुन्हा उलगडता येणार नाही, ते मूळ पानाला करू नये, हा या विद्येचा पहिला नियम. आमच्या वाडवडिलांनाही थोडे ठाऊक होते: पोथी बासनात घट्ट बांधावी आणि शेजारी वेखंड ठेवावे.

आम्ही मात्र प्रेमापोटी अपाय करतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावतो; काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून पान डागाळते. आजोबांचा कागद प्लास्टिकमध्ये कायमचा बंदिस्त करतो, आणि भिंतीला टेकलेल्या पेटीत ओल कोंडून ठेवतो. घर नव्याने बांधायला काढले की रोमन लिपीतील जुनी वही कुणाला वाचता येत नाही म्हणून रद्दीत जाते. एका मुक्कामी आम्हीही अशी एक वही न उघडताच बाजूला सारली होती. दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा ती राहिली नव्हती. तिच्यात काय होते, हे आता कळणे नाही.

म्हणून वाचकांना आमची विनंती साधी आहे. पावसाळा सरला की घरातील पेटी उघडा. वह्या, गीतांचे कागद, पत्रे सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. पानापानाचे छायाचित्र घ्या आणि घरातील वृद्धांना ते अक्षर वाचायला लावा. मूळ कागद मात्र टाकू नका, कारण छायाचित्र ही नक्कल आहे. शाई, कागद आणि समासातील खूण मुळातच असते.

अज्ञात हातांनी उतरवून घेतले म्हणून क्रिस्तपुराण आमच्यापर्यंत आले. त्या हातांचे ऋण फेडायचे तर आपल्या घरची पेटी आपणच उघडायला हवी.