विवरांतील प्रजा

इ. स. १६८९ मध्यें वाल्वासोर नांवाच्या सरदारानें कार्निओला प्रांताचें, म्हणजे स्थूलमानानें आजच्या स्लोव्हेनिया देशाचें, बृहत् वर्णन जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें. त्यांत एक चमत्कारिक हकीकत आहे. अतिवृष्टि झाली कीं तेथील एका झऱ्यांतून लहान, फिकट प्राणी बाहेर फेंकले जात; ते भूगर्भांत दडलेल्या ड्रॅगनाचे, म्हणजे आग ओकणाऱ्या महासर्पाचे बच्चे होत, अशी लोकसमजूत होती. ग्रंथकारानें ती नमूद केली, पण मानिली नाहीं. त्याला तो पालीसारखा कांहीं जीव वाटला. १७६८ सालीं व्हिएन्नाच्या लॉरेंटीनें त्यास ‘प्रोटियस’ हें ग्रीक सागरदेवतेचें नांव दिलें.

हा प्राणी वीत-सव्वा वीत लांब, डोळे कातडीखालीं बुजलेले, मानेशीं तांबड्या कल्ल्यांचे तुरे. अन्नावांचून तो वर्षानुवर्षें तग धरतो, आणि मनुष्याइतका दीर्घकाळ जगतो. वीण मात्र फार विरळा. पोस्टोयना गुहेंतील कांचपात्रांत २०१६ सालीं एका मादीनें साठांवर अंडीं घातलीं. त्यांतून वीसएक पिल्लें निघालीं, तर जगभर त्याचें कौतुक झालें!

याच पोस्टोयना गुहेचा अंतर्भाग १८१८ सालीं लूका चेच नांवाच्या स्थानिक माणसास सांपडला. पुढें १८३१ मध्यें त्यालाच तेथें एक नाजूक मानेचा आंधळा भुंगेरा मिळाला. गुहेंतच जन्मून गुहेंतच मरणारे कीटक असूं शकतात, ही गोष्ट विद्वानांस तेव्हां प्रथम उमगली. मग काय विचारतां! संग्राहकांची रीघ लागली. प्रोटियस प्रवाशांस विकले जाऊं लागले. विद्यापीठांच्या बरण्याहि त्याच मार्गानें भरल्या, हें आम्हां प्राध्यापकवर्गानें निमूटपणें कबूल केलें पाहिजे.

१९२० मध्यें ल्युब्लियानाच्या निसर्गप्रेमी मंडळींनीं सरकारकडे एक निवेदन धाडिलें, आणि १९२२ सालीं प्रोटियसला कायद्याचें संरक्षण लाभलें. इतक्या अप्रसिद्ध प्राण्यासाठीं इतक्या लवकर कायदा व्हावा, ही त्या लहानशा राष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. परंतु कायद्याची दृष्टि चोराच्या हातावर होती. वरून झिरपणाऱ्या पाण्यावर नव्हती.

तो मुलूख चुनखडीचा. अशा भूमीस शास्त्रांत ‘कार्स्ट’ म्हणतात, तें नांवहि तेथलेंच. आपल्या काळ्या मातींत पाणी हळूहळू गाळून खालीं जातें; तेथें तें भेगांतून व खळग्यांतून जवळजवळ जसेंच्या तसें भूगर्भांत उतरतें. आग्नेय भागांतील क्रूपा नदीच्या पाणलोटांत वसलेल्या विद्युत्साहित्याच्या एका कारखान्यानें आपला टाकाऊ माल कित्येक वर्षें असल्याच खळग्यांत लोटला. त्यांत पीसीबी नामक तेलकट विष होतें. १९८३ सालीं तें नदींत आढळलें. ज्या झऱ्यावर आसपासच्या वस्तीची तहान भागावयाची, तो पिण्यास निरुपयोगी ठरला.

विषाचा वापर बंद झाला. पण दगडाच्या पोटांत शिरलेलें विष बाहेर कसें काढावें? त्यानंतर पाव शतकानें क्रूपेच्या प्रोटियसांचें मांस तपासलें, तेव्हांहि तें विष त्यांत भरपूर सांपडलें. तोंवर गुहांच्या रक्षणार्थ २००४ चा स्वतंत्र कायदाहि झाला होता, आणि त्या प्राण्यांस कोणीं पकडलें नव्हतें, कीं विकलें नव्हतें.