अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरी: उत्पन्नाची अट कशी तपासतात?

अमेरिकेत कर्ज फेडणे अशक्य झालेल्या व्यक्तीला दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ७’खाली क्रेडिट कार्डची थकबाकी, दवाखान्याची बिले अशा बहुतेक विनातारण कर्जांतून मुक्ती मिळू शकते. कर्ज मुख्यतः घरगुती कारणांचे असेल, तर आधी उत्पन्न तपासले जाते. २००५ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या या तपासणीला ‘मीन्स टेस्ट’ म्हणतात.

हिशोब कसा करतात?
अर्जाच्या महिन्याआधीच्या पूर्ण सहा महिन्यांचे करपूर्व उत्पन्न घेऊन त्याची मासिक सरासरी काढतात व तिला १२ ने गुणतात. सोशल सिक्युरिटीची रक्कम यात धरत नाहीत. आलेला आकडा त्या राज्यातील तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नाइतका किंवा कमी असेल, तर चाचणी पार होते.

अर्जाची वेळ महत्त्वाची
समजा, दरमहा ७,००० डॉलर मिळवणाऱ्याची नोकरी मार्चअखेर गेली आणि दुसरे उत्पन्न नाही. एप्रिलमध्ये अर्ज केल्यास वार्षिक उत्पन्न ८४,००० डॉलर धरले जाईल. जुलैमध्ये केल्यास ४२,०००. खिसा दोन्ही वेळा रिकामाच, पण निकाल वेगळा लागू शकतो.

उत्पन्न जास्त भरले तर?
लगेच दार बंद होत नाही. दुसऱ्या टप्प्यात कर, घरखर्च, विमा, तारण कर्जाचे हप्ते असे मान्य खर्च वजा होतात. तरीही पुरेशी रक्कम उरत असेल, तर सहसा ‘चॅप्टर १३’चा मार्ग राहतो. त्यात तीन ते पाच वर्षे हप्त्यांनी परतफेड करावी लागते.