उपासाने वाढलेलं पान

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या घरखर्चाच्या हिशेबात १२९० सालच्या ईस्टरची एक नोंद सापडते: साडेचारशे अंडी, १८ पेन्स. पेनीला पंचवीस, असा भाव पडला. ही अंडी उकडली, काही रंगवली, काहींवर सोन्याचा वर्ख लावला आणि राजाच्या पदरच्या माणसांना वाटून टाकली. राजाच्या मानाने खर्च किरकोळच. पण हिशेबनीस चोख होता, म्हणून ईस्टरच्या अंड्याचा इतका जुना कागदोपत्री पुरावा शिल्लक राहिला. एका दमात साडेचारशे अंडी घ्यायची वेळ का आली, हे मात्र त्या नोंदीत शोधून उपयोग नाही. ते कळतं त्याआधीच्या चाळीस दिवसांवरून. त्या दिवसांत अंडं खायला माणसांना मनाई होती आणि कोंबड्यांना अंडं घालायला नव्हती.

ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार. चंद्रावरून ठरत असल्यामुळे तो पश्चिमेकडच्या चर्चांच्या पंचांगात २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात; रविवार उपासात धरायचे नाहीत, म्हणून उरले चाळीस. येशूने रानात केलेल्या उपासाची ही आठवण. मध्ययुगातला हा उपास चांगलाच कडक होता. जेवण दिवसातून एकदा, आणि त्यात मांस नाही, अंडी नाहीत, दूध नाही, लोणी नाही, चीज नाही. पश्चिम युरोपात मासे तेवढे चालत.

अंड्यांवरची ही मनाई सगळीकडे सारख्याच मुकाट्याने पाळली गेली असंही नाही. इ.स. ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरली. आर्मेनियाकडचे लोक उपासाच्या काळातही शनिवार-रविवारी अंडी आणि चीज खातात, असं तिच्या कानावर आलं होतं. सभेने ५६ वा नियम करून ही पळवाट बुजवली. ज्या प्राण्याचं मांस वर्ज्य, त्याच्यापासून मिळालेलं सगळंच वर्ज्य, असा साधा तर्क त्यामागे होता.

ईस्टरच्या जेवणाची वंशावळ या वर्ज्य पदार्थांच्या यादीतच सापडते. यादी उलटी केली की मेन्यू तयार. आज कोणत्याही देशातलं ईस्टरचं पान पाहिलं, तर त्यावर अंडं, लोणी, चीज, मांस यांपैकी काही ना काही मिरवत असतंच. आचाऱ्याच्या कल्पकतेला वाव मिळाला तो नंतर.

उपास सुरू होण्याआधी घरातलं वर्ज्य संपवणं ओघानेच आलं. महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. श्रावण तोंडावर आला की गटारीला मटणाच्या दुकानापुढे लागणारी रांग याच जातीची. इंग्लंडात राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी उरलीसुरली अंडी आणि दूध पॅनकेकमध्ये जिरवत. रशियात मांस आठवडाभर आधी सुटतं, पण लोणी आणि चीज चालू राहतं. त्या आठवड्याला मास्लेनित्सा म्हणतात आणि त्यात लोण्याने माखलेल्या ब्लिनींचा, म्हणजे पातळ धिरड्यांचा, फडशा पडतो. गोव्यातला कार्निव्हल, कोंकणीतला इंत्रुज, हाही उपासाच्या उंबरठ्यावरचाच सण.

पण अंडी काही संपवून संपत नाहीत. कोंबडी अंडं घालते ते दिवसाच्या उजेडावर. युरोपच्या उत्तरेला हिवाळ्यात दिवस आठ तासांवर येतो आणि अंडी जवळजवळ थांबतात. फेब्रुवारी सरता सरता दिवस मोठा होतो आणि खुराडी पुन्हा भरू लागतात. ही भरती नेमकी उपासाच्या काळात यायची. थंड तळघरात कच्ची अंडी काही आठवडे टिकत. चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवली तर कवचाची छिद्रं बुजून आणखी टिकत. ईस्टरपर्यंत घराघरांत अंड्यांचा ढीग साठलेला असे. इतकी अंडी एका दिवसात खाणं शक्य नव्हतं. मग ती वाटली गेली, जमीनदाराकडे आणि चर्चमध्ये पोचती केली गेली, मुलांच्या हातात पडली.

रंग चढला तो वाटण्यासाठी. सर्वांत सोपा रंग स्वयंपाकघरातच होता: कांद्याची सालं. पाण्यात ती मूठभर टाकून अंडं उकडलं की कवचावर विटकरी रंग बसतो. युक्रेनमध्ये याहून नाजूक तंत्र वाढलं. तिथे पिसांका, म्हणजे नक्षीदार अंडी, करणारी बाई कच्च्या अंड्यावर वितळलेल्या मेणाने रेघ ओढते आणि ते फिक्या रंगात बुडवते. मग पुन्हा मेण, पुन्हा अधिक गडद रंग. शेवटी अंडं ज्योतीजवळ धरून मेण पुसून घेतलं की खालचे सगळे रंग एकदम उघडे पडतात. बाटिकच्या कापडाचीही रीत हीच. ग्रीसमध्ये अंडी पवित्र गुरुवारी रंगवतात, आणि ती लालच. ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. ईस्टरला जेवायला बसल्यावर प्रत्येक जण आपलं अंडं शेजाऱ्याच्या अंड्यावर आपटतो. ज्याचं शेवटपर्यंत फुटत नाही, त्याचं वर्ष चांगलं जाणार.

लोण्याची गोष्ट जरा पैशाच्या वळणाने जाते. भूमध्य समुद्राच्या काठी उपासाला ऑलिव्हचं तेल होतं, त्यामुळे तिथे लोण्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. उत्तरेला ऑलिव्ह पिकत नाही. तिथल्या लोकांना तेल विकत आणावं लागे, नाहीतर कोरडं खावं लागे. अखेर चर्चने सवलती द्यायला सुरुवात केली, पण फुकट नाही. फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथीड्रलला १५ व्या शतकाच्या अखेरीस एक उंच मनोरा बांधायला घेतला. त्याला आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणतात, कारण उपासाच्या काळात लोणी खाण्याची मुभा मिळवण्यासाठी भाविकांनी दिलेला पैसा त्यात लागला. १४९१ मध्ये पोप आठवा इनोसंट याने जर्मनीतल्या सॅक्सनीला अशीच परवानगी दिली.

रशियात अशी सूट मिळाली नाही, आणि तिथल्या ईस्टरच्या पानात लोण्याचा जोर अजून दिसतो. तिथला खास पदार्थ पास्खा. ताजं, घट्ट दही-चीज चाळणीतून घासून घ्यायचं. त्यात लोणी, साय, अंड्यांचे बलक, साखर आणि बेदाणे घालायचे. मिश्रण पातळ कापड अंथरलेल्या लाकडी साच्यात भरायचं, वर वजन ठेवायचं आणि रात्रभर थंड जागी निथळत ठेवायचं. आपल्या चक्क्यासारखं पाणी खालून गळत राहतं. साचा शेंडा कापलेल्या पिरॅमिडच्या आकाराचा असतो आणि त्याच्या फळ्यांवर 'ख्रिस्त उठला आहे' या शब्दांची आद्याक्षरं उलटी कोरलेली असतात. साचा सोडवला की ती पास्खावर सुलटी उमटतात. बरोबर कुलीच, म्हणजे अंडी आणि लोणी यांनी जड झालेला उंच गोड पाव. सात आठवडे ज्या गोष्टींवर पाणी सोडलं होतं, त्या सगळ्या दोनच पदार्थांत ठासून भरलेल्या.

इटलीतल्या जेनोवाकडच्या तोर्ता पास्क्वालिनामध्ये हिरवी भाजी आणि मऊ चीज भरून, त्यात खळगे करून आख्खी अंडी फोडतात. कापल्यावर प्रत्येक फोडीत पिवळा गोळा दिसतो. जुन्या रीतीने त्याला पापुद्र्यासारख्या ३३ पोळ्या लावायच्या, ख्रिस्ताच्या वयाइतक्या. एवढं कष्टाचं काम हल्ली फार थोड्या घरांत होतं.

पानातल्या मांसाचा उगम या उपासाहून जुना आहे. ख्रिस्ताचं शेवटचं भोजन यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांतलं. त्या सणात भाजलेलं कोकरू, बेखमीर भाकरी आणि कडू पाला खाण्याची आज्ञा जुन्या करारात आहे. ख्रिस्ती लोकांनी कोकरू ठेवलं आणि ख्रिस्तालाच 'देवाचं कोकरू' म्हटलं. वसंतात कोवळी कोकरं मिळतातच, त्यामुळे धर्म आणि ऋतू यांची सांगड बसली. उत्तर युरोपात आणि अमेरिकेत डुकराच्या मांडीचा हॅम पुढे आला, त्याचं कारण निव्वळ साठवणीचं: डुकरं थंडी सुरू होताना कापायची, मांस मिठात मुरवायचं, धुरावर धरायचं, आणि वसंतापर्यंत ते खायला तयार.

कोकरू कापलं की प्रश्न येतो आतल्या अवयवांचा. मांस उद्यापर्यंत राहील, काळीज आणि आतडी थांबत नाहीत. ग्रीसमध्ये यावर तोड निघाली मागिरित्सा नावाच्या सुपाची: काळीज, फुप्फुस आणि स्वच्छ केलेली आतडी बारीक चिरून पातीचा कांदा, शेपू आणि लेट्यूसबरोबर शिजवायची, शेवटी अंडं आणि लिंबाचा रस फेटून घालायचा. शनिवारच्या मध्यरात्रीची प्रार्थना आटोपून घरी आलेली माणसं हेच पिऊन उपास सोडतात. कोकरू भाजायचं ते रविवारी. पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतात याच गरजेपोटी ईस्टरला सारापातेल होतं: कोकराचं किंवा करडाचं काळीज, इतर अवयव आणि रक्त, मसाला घालून शिजवलेलं.

हे सारापातेल जहाजात बसलं. ब्राझीलच्या ईशान्य भागात ते डुकराचं झालं आणि गोव्यातही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पुढच्या काळात त्यांच्याच जहाजांतून अमेरिकेतली मिरची इथे आली आणि भांड्याचा रंगच बदलला. गोव्याच्या सोरपोतेलात डुकराचं मांस, चरबी, काळीज आणि हृदय आधी उकडतात, मग वाटाण्याएवढे तुकडे करून थोडे थोडे तळून घेतात. लाल मिरची, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, आलं, लसूण हे सगळं माडीच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं आणि त्यात मांस मंद आचेवर मुरू द्यायचं. व्हिनेगर आणि वर आलेला चरबीचा थर यांमुळे ते चांगलं टिकतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची चव खरी लागते, म्हणून जाणती बाई ते सणाच्या दिवशी करायला घेत नाही. आधी करून रोज एकदा उकळी आणते. मूळचा पदार्थ नासण्याआधी खाऊन टाकण्यासाठी जन्माला आला होता, गोव्यात तो मुरवून ठेवण्याचा झाला. सोबत माडीने आंबवलेल्या तांदळाच्या वाफवलेल्या सान्ना.

वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, चुली मात्र पोर्तुगीज धाटणीच्याच राहिल्या. वसई, साष्टी आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या घरांत सणाला सोरपोतेल होतं, इंद्याल होतं आणि मैदा, अंडी व नारळाच्या दुधाचे तळलेले फुगे होतात. इंद्याल हे गोव्याच्या विंदालूचं भावंड, आणि दोघांचं मूळ दारू व लसणात मुरवलेल्या पोर्तुगीज मांसात. घरी माणसं येणार, हे ठरलेलंच असतं, त्यामुळे व्हिनेगरमध्ये मुरणारं सगळं आधी उरकायचं आणि ऐनवेळी फक्त फुगे तळायचे, असा बेत सोयीचा पडतो.

यादी उलटी वाचायची, ती पोलंडमध्ये अक्षरशः टोपलीत भरतात. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लोक शुभ्र कापड घातलेली टोपली घेऊन चर्चमध्ये जातात: रंगवलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, तिखट मुळ्याचं मूळ आणि लोण्याचं छोटं कोकरू. धर्मगुरू त्यावर तीर्थ शिंपडतात. रविवारी न्याहारीला सगळ्यांत आधी त्यातलं एक अंडं कापून घरातल्या प्रत्येकाला फोड देतात.

गंमत अशी, की रोमन कॅथलिकांपुरती अंड्यांवरची मनाई केव्हाच उठली आहे. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात वर्ज्य दिवसांना मांस आणि मांसाचा रस्सा तेवढा नको, अंडी आणि दुधाचे पदार्थ चालतील, असं स्पष्ट लिहिलं. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कडक उपास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांवर आणला. कारण गेलं, अंडं राहिलं. तोवर त्याच्यात अंडंच असायला हवं ही अटही सुटली होती. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ मध्ये चॉकलेटचं पोकळ अंडं काढलं, कॅडबरीने १८७५ मध्ये. १८८५ साली झार तिसऱ्या अलेक्झांडरने राणीसाठी फाबेर्जे या जवाहिऱ्याकडून सोन्याचं अंडं करवून घेतलं. मुंबईत वांद्र्याच्या बेकऱ्यांमध्ये ईस्टरच्या सुमारास मार्झिपानची अंडी मांडलेली दिसतात. युरोपात मार्झिपान बदामाचं. इकडे बदामाच्या जागी बहुधा काजू येतो, आणि काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला.

मनाई आजही जशीच्या तशी पाळली जाते, उदाहरणार्थ इथियोपियात. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टरआधीचा उपास ५५ दिवसांचा. मांस, दूध, लोणी, अंडी यांतलं काही चालत नाही. सणाचा पदार्थ दोरो वत. भरपूर कांदा तासन् तास परतून, मिरचीचा बेर्बेरे मसाला आणि मसालेदार लोणी घालून केलेलं कोंबडीचं दाट कालवण. रीतीप्रमाणे कोंबडीचे बारा तुकडे करतात आणि शेवटी सोललेली उकडलेली अंडी त्या रश्श्यात सोडतात. हे सगळं शनिवारीच चुलीवर चढवावं लागतं, पण रात्रीची प्रार्थना संपून उपास सुटेपर्यंत रांधणाऱ्या बाईला मिठाचा अंदाज वासावरच घ्यावा लागतो.