मुरघास संवर्धक
मक्याची कुट्टी हवाबंद मुरवून मुरघास करताना तीत मिसळायचे, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. लाल कंधारी (नांदेड) व देवणी (लातूर) गोवंशांच्या मुलखात उन्हाळी चाराटंचाईत मुरघास मोलाचा ठरतो. दाणे चिकातून पिठाळ होताना, शुष्कांश 30–35% असता मका कापतात. दर ग्रॅम कुट्टीस सुमारे 1 लाख जिवाणू पडतील असे संवर्धक फवारून खड्ड्यात थर घट्ट दाबतात. लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम सामू झपाट्याने 4 च्या आसपास आणतो, लॅ. बुखनेरी अ‍ॅसिटिक आम्ल निर्माण करून, खड्डा उघडल्यावर यीस्ट व बुरशी रोखतो. सुमारे 45 दिवसांत मुरघास तयार होतो. त्यात प्रथिने कमी असल्याने वाढत्या कालवडी-गोऱ्ह्यांना सोबत पेंड व खनिज मिश्रण द्यावे. अवेळी कापणी किंवा सैल दाबणीची उणीव संवर्धक भरून काढत नाही.