जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरॉल

रुग्णाच्या आजाराला साजेसे औषध योग्य मात्रेत, पुरेशा मुदतीपर्यंत व परवडेल अशा किमतीत मिळणे म्हणजे औषधांचा विवेकी वापर, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५ मधील नैरोबी परिषदेतून रूढ झाली. भारतात मात्र हाथी समितीने १९७५ मध्येच ११७ अत्यावश्यक औषधांची यादी सुचवून त्या विचाराची पायाभरणी केली होती. या व्याख्येत औषधाची शुद्धता गृहीत धरलेली असते, आणि १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमके तेच गृहीतक कोसळले. मेंदूतील किंवा डोळ्यातील वाढलेला दाब उतरवण्यासाठी पोटात दिले जाणारे ग्लिसरॉल, हा गोडसर, दाट द्रव, तेथे १४ रुग्णांच्या मृत्यूस कारणीभूत ठरला, कारण त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. याच रसायनाने १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधातून शंभरावर बळी घेतले होते, त्यामुळे हा धोका अज्ञात होता असे म्हणता येत नाही, आणि हीच गोष्ट सर्वांत क्लेशदायक आहे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने दोषाचा माग खरेदी, तपासणी आणि राज्याच्या औषध प्रशासनापर्यंत नेला. ठरावीक यादीतूनच खरेदी व रुग्णालयांना पुरवठा करण्यापूर्वी प्रत्येक उत्पादन-गटाची प्रयोगशाळेत चाचणी, अशी पद्धत पुढे तमिळनाडूने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळामार्फत राबवली.