सायकलदिवे

सायकलदिवे : अंधारात सायकलस्वाराला रस्ता दिसावा आणि इतरांना सायकलस्वार दिसावा, म्हणून सायकलीला लावायचे दिवे. पुढचा पांढरा, मागचा लाल. रस्ता दाखवणे आणि स्वतःला दाखवणे ही दोन निराळी कामे आहेत. खरेदीतल्या बहुतेक चुका हा भेद लक्षात न घेतल्यामुळे होतात. प्रस्तुत नोंद इंदूरचे रस्ते समोर ठेवून लिहिली आहे.

इंदूर सुमारे ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून ठरते. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या साधारण २६ मिनिटे मागे चालतो. जानेवारीच्या आरंभी सात वाजून गेल्यावर सूर्योदय होतो. रालामंडल, सिमरोल किंवा महूच्या वाटेने पहाटे साडेपाचला निघालेल्या हौशी सायकलपटूचा पहिला तास गडद अंधारात जातो. सराफ्यातली खाऊगल्ली मध्यरात्रीनंतरही जागी असते. तिथून रामबागेत परतणाऱ्याची गरज अगदी वेगळी. त्याच्या रस्त्यावर खांबांचा उजेड असतो, प्रश्न फक्त मागून येणाऱ्या मोटारीला तो दिसण्याचा असतो.

सुरुवातीचे दिवे घासलेटवर चालत. त्यानंतर कार्बाइडचे आले : कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो जळे. पुढे बराच काळ डायनॅमोचे राज्य होते. टायरला घासून फिरणारा, ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा हा बाटलीसारखा डायनॅमो पुढच्या दिव्याला २.४ आणि मागच्याला ०.६ वॅट देई. तो चालू केला की पॅडल जड होई, उतारावर बल्ब उडे आणि चौकात थांबताच नेमका अंधार पडे. निळा एलईडी १९९०च्या दशकात साध्य झाला, त्यातूनच पांढरा एलईडी निघाला (निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४चे नोबेल मिळाले) आणि डायनॅमो अडगळीत गेला. आता चाकाच्या तुंब्यात बसणारे डायनॅमो मिळतात. ते लांब पल्ल्याच्या स्वारांसाठी उत्तम, पण महाग.

पुढचा दिवा निवडताना ल्यूमेनच्या आकड्याला भुलू नये. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला किती रस्त्यावर पडतो हे लक्स सांगते. गोल झोताचा हजार ल्यूमेनचा दिवा अर्धा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत उधळतो. जर्मनीच्या नियमांत झोताची वरची कड कापलेली असावी लागते. तसा ३०० ल्यूमेनचा दिवा रस्त्यावर अधिक कामाचा ठरतो. किती दूरचे दिसायला हवे, याचा हिशेब सोपा आहे. ताशी २५ किमी वेगात भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर सायकल १० मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबायला आणखी सहा-सात मीटर लागतात. म्हणजे वीस मीटरवरचा खड्डा दिसलाच पाहिजे. खंडवा रस्त्यावरच्या घाटात वेग चाळीसवर गेला की हेच अंतर तीस मीटरच्या पुढे जाते. त्यात माळव्याची काळी माती पावसात खचते, गतिरोधकांचे पट्टे पुसलेले असतात, म्हशी रस्त्यात बसतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा नसतो. असला हिशेब खोक्यावर कोणी छापत नाही.

बॅटरीचेही गणित करून पाहावे. ३ अँपिअर-तासांच्या एका लिथियम सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा मावते. ३ वॅट खाणारा दिवा त्यावर साडेतीन तास चालेल. खोक्यावर पूर्ण उजेडात दहा तास लिहिले असेल, तर विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा. पावसाळ्यासाठी आयपीएक्स-४ (शिंतोडे सोसणारा) हा किमान दर्जा.

मागच्या दिव्याबाबत जागेला प्रखरतेपेक्षा जास्त महत्त्व आहे. सीटच्या दांड्यावर लावलेला दिवा कॅरियरवरच्या पिशवीमागे हमखास लपतो. कॅरियर असेल तर त्याच्या टोकालाच लावावा. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो, पण त्याच्यावरून अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून रात्री स्थिर उजेडच चांगला. रंग बदलणारे निळे-हिरवे दिवे चाकांत फार शोभतात. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला मात्र त्यातून काहीच कळत नाही.

परावर्तक (रिफ्लेक्टर) हा दिव्याला पर्याय नाही. पडलेला प्रकाश तो आला तिकडेच परतवतो, म्हणून गल्लीतून आडवा येणाऱ्याला तो दिसत नाही. तरी पॅडलवरचे परावर्तक किंवा घोट्याला बांधलेली चमकपट्टी स्वस्तात मोठे काम करते : वरखाली होणारी चमक पाहून पुढे सायकल आहे हे दुरूनच ओळखू येते. सायकलींवरील परावर्तकांच्या गुणवत्तेबद्दल केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला. मोटार वाहन कायदा, १९८८ सायकलीला मोटार वाहन मानत नाही, त्यामुळे मोटारींच्या दिव्यांचे नियम तिला लागू होत नाहीत. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांत मात्र रात्री पुढचे-मागचे दिवे आणि चमकपट्ट्यांचे जाकीट बंधनकारक असते. ३०० किमीला २० तास आणि ४०० किमीला २७ तास मिळतात, म्हणजे रात्र टळत नाहीच.

राजवाड्यापाशी सायकल उभी करताना पट्ट्याने लावलेले दिवे काढून खिशात टाकावेत. आणि पैसे एकाच दिव्यापुरते असतील, तर शहरात फिरणाऱ्याने आधी मागचा घ्यावा.