मूर खटला

मूर खटला : (मूर विरुद्ध कॅलिफोर्निया विद्यापीठ, १९९०). रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या ऊतकावर मालकी कोणाची, या प्रश्नावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय. ऊतकदानाच्या नीतीविषयीची चर्चा आजही या निर्णयाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

जॉन मूर यांना १९७६ मध्ये रक्ताचा एक विरळा कर्करोग (हेअरी सेल ल्युकेमिया) असल्याचे निदान झाले. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. डेव्हिड गोल्ड यांनी पाणथरी काढून टाकण्याचा सल्ला दिला. आजाराच्या दृष्टीने तो योग्यच होता. मूर पुढे २००१ पर्यंत जगले. परंतु काढलेल्या पाणथरीचे तुकडे संशोधनासाठी मिळावेत, अशी तजवीज शस्त्रक्रियेपूर्वीच करण्यात आली होती आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नव्हता, असे दाव्यात म्हटले होते. त्यानंतर १९८३ पर्यंत मूर सिअ‍ॅटलहून तपासणीसाठी येत राहिले. दर वेळी रक्त, त्वचा, अस्थिमज्जा, वीर्य यांचे नमुने घेतले जात. हे सारे आपल्या प्रकृतीसाठी आवश्यक आहे, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती.

दरम्यान, मूर यांच्या टी-पेशींपासून प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा ‘मो’ हा पेशीवंश तयार झाला. प्रतिकारशक्तीचे नियमन करणारी काही प्रथिने या पेशी भरपूर बनवत, म्हणून औषधउद्योगात त्यांना मोल होते. विद्यापीठाने १९८१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ मध्ये ते मिळाले. गोल्ड यांना जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीचे ७५,००० समभाग मिळाले. १९८३ मध्ये मूर यांच्यापुढे एक संमतिपत्र आले. आपल्या रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून तयार होणाऱ्या पेशीवंशावरील सर्व हक्क मी विद्यापीठाला देतो किंवा देत नाही, यांपैकी एका पर्यायाभोवती वर्तुळ करायचे होते. मूर यांनी नकाराभोवती वर्तुळ केले आणि वकील गाठला.

खटल्यात पुरावा कधी तपासलाच गेला नाही. दाव्यातील कथन खरे धरले तर दाद मागता येते का, एवढेच न्यायालयाने ठरवले. आपला संशोधनातील व आर्थिक हितसंबंध डॉक्टरने रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे मान्य केले. मालकीचा दावा मात्र फेटाळला. पेटंट मिळालेला पेशीवंश ही मूळ पेशींहून वेगळी, संशोधकांच्या श्रमातून झालेली निर्मिती आहे आणि रुग्णाला मालकी दिल्यास निर्दोष संशोधकही कोर्टकचेऱ्यांत अडकतील, असे बहुमताचे म्हणणे होते.

न्यायमूर्ती मॉस्क यांचे भिन्नमत अधिक खोल जाते. माहिती द्यावी लागेल, एवढ्याने रुग्णाचे फारसे रक्षण होत नाही, असे त्यांनी दाखवले. रुग्ण नकार देऊ शकतो, पण होकार देताना लाभात वाटा मागू शकत नाही. शिवाय नुकसानभरपाईसाठी, खरे कळले असते तर कोणत्याही सुज्ञ माणसाने नकारच दिला असता, हे सिद्ध करावे लागते. उपचार गरजेचा असेल तर ते जवळपास अशक्य. न्यायमूर्ती ब्रुसार्ड यांनी आणखी एक विसंगती दाखवली : या निकालाने मानवी पेशींचा व्यापार थांबत नाही, त्यातून फक्त पेशींचा मूळ धनी वगळला जातो. हा आक्षेप बिनतोड आहे. दान निरपेक्ष असावे ही अपेक्षा एकट्या दात्याकडून करणे आणि त्याच दानावर इतरांना पेटंट घेऊ देणे, याला न्याय म्हणता येत नाही.

तरीही पुढे अमेरिकी न्यायालयांनी मूरचीच वाट धरली. कॅनॅव्हन या आनुवंशिक रोगाने ग्रासलेल्या मुलांच्या पालकांनी संशोधनासाठी आपणहून ऊतके दिली होती. त्यातून शोधलेल्या जनुकावर संशोधन करणाऱ्या रुग्णालयाने पेटंट घेतले, तेव्हा २००३ मध्ये त्यांचाही मालकीचा दावा टिकला नाही. अनुचित लाभाचा मुद्दा तेवढा पुढे चालवू दिला गेला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी वेगळी भूमिका घेतली आहे. त्यांनुसार जैविक नमुन्याची मालकी तो देणाऱ्या सहभागी व्यक्तीकडेच राहते, संस्था केवळ त्याची राखणदार असते आणि दिलेला नमुना परत मागे घेण्याची मुभा दात्याला असते.